उन्हाळ्याची लगीनसराई आणि हातघडणीचे दागिने
नांदेड-लातूरच्या मनियार, पटवेगार, फुलारी आणि अत्तार बांधवांसाठी काही विचार

मराठवाड्यातील किरकोळ व्यापाराचे गणित दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे शेतकऱ्याच्या हातात आलेला पैसा आणि दुसरी म्हणजे लगीनसराई. तूर-सोयाबीनचे पैसे हिवाळ्यात हातात पडतात आणि गुढीपाडव्यापासून मृगाच्या पावसापर्यंत त्यांपैकी बराच पैसा लग्नकार्यात खर्च होतो. कापड, भांडी, किराणा यांच्यासोबत ज्या व्यवसायाला या तीन महिन्यांत वर्षाची कमाई होते, तो म्हणजे बांगड्या व दागिन्यांचा व्यवसाय होय. नांदेडचा इतवारा असो की लातूरची गंजगोलाई, एप्रिल-मे महिन्यांत बांगडीच्या दुकानांसमोर जी गर्दी दिसते ती इतर वेळी क्वचितच दिसते.

हा व्यवसाय आपल्या भागात फार मोठ्या प्रमाणावर मुस्लिम समाजाच्या हातात आहे. मनियार बांगड्या विकतात आणि भरतात. पटवेगार माळा ओवतात, पोत गाठतात, गोंडे बांधतात. फुलारी गजरे, हार आणि सेहरे गुंफतात. अत्तार सुगंधासोबत मणी-दोऱ्याचा मालही ठेवतात. या चारही व्यवसायांचे गिऱ्हाईक मात्र सर्व समाजांतील आहे. खेड्यातील हिंदू लग्नघरी चुडा भरायला मनियारालाच बोलावणे जाते आणि तिथे त्याचा मानही ठेवला जातो. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा विश्वास पैशाने विकत घेता येणारा नाही.

असे असूनही हा व्यवसाय आज अडचणीत आहे. दुकानातील माल पाहिला तर काचेच्या बांगड्या फिरोजाबादच्या, लाखेच्या हैदराबाद किंवा जयपूरच्या आणि नकली दागिने मुंबई-राजकोटचे असतात. आपला दुकानदार केवळ मध्यस्थ उरला आहे. तोच माल शेजारच्या दुकानात, आठवडी बाजारात आणि आता मोबाईलवरही मिळतो. भाव पाडण्यापलीकडे स्पर्धेचे दुसरे साधन उरत नाही आणि भाव पाडत गेले की नफा संपतो. मनियाराचा मुलगा बापाच्या गादीवर बसायला तयार होत नाही, याचे कारण हेच आहे. म्हणून काही माल स्वतःच्या हाताने, आपल्या भागात आणि हंगाम ओळखून तयार करता येईल काय, या प्रश्नाचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

ऋतूचा दागिना ही नवी कल्पना नाही

ऋतू पाहून दागिना घडविणे ही काही परदेशातून आलेली टूम नव्हे. महाराष्ट्रात संक्रांतीला नव्या सुनेला आणि लहान बाळाला हलव्याचे दागिने घालण्याची रीत आहे. साखरेच्या काटेरी हलव्यापासून हार, बांगड्या, मुकुट बनवायचे, एक दिवस मिरवायचे आणि संपले. पण या एका दिवसाच्या दागिन्यावर पुण्या-मुंबईतील कितीतरी स्त्रिया दरवर्षी चार पैसे मिळवितात. दागिना कायम टिकणारा नसला तरी तो वेळेवर आणि प्रसंगाला साजेसा असेल तर गिऱ्हाईक पैसे मोजते, हा यातला धडा आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच व्यवसायबंधूंचे आहे. जयपूरमध्ये 'मनिहारों का रास्ता' नावाची गल्ली आहे. तिथले मुस्लिम मनिहार लाखेच्या बांगड्या घडवितात. श्रावणातील तीज आली की ते लहरियाच्या पट्ट्यांचा चुडा करतात. होळी आली की लाखेचा फुग्यासारखा पातळ गोळा फुंकून त्यात गुलाल भरतात. त्याला 'गुलाल गोटा' म्हणतात. सण दुसऱ्या समाजाचा आणि कारागीर मुस्लिम, पण मालाची वेळ अचूक साधलेली असते. जयपूरचा मनिहार आणि मराठवाड्याचा मनियार ही नावेसुद्धा एकाच घराण्यातली वाटतात. तो ऋतूप्रमाणे माल बदलतो. आपण मात्र बाराही महिने एकच माल मांडून बसतो.

नक्षीसाठीही फार लांब जाण्याची गरज नाही. मराठी दागिन्यांची जुनी नावे पाहावीत. बोरमाळ, बकुळीहार, चाफेकळी, चिंचपेटी, जवमणी, जोंधळी पोत. आपल्या सोनारांनी आणि पटवेगारांनी शेत आणि झाडे पाहूनच घाट घेतले होते. यांतील बकुळ उन्हाळ्यात फुलते. कोयरीची नक्षी कैरीसारखीच दिसते आणि कैरी हे उन्हाळ्याचेच फळ आहे. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. किनवट-माहूरच्या रानात फाल्गुनात पळस पेटतो, पुढे बहावा पिवळ्या झुंबरांनी लटकतो, रस्त्याच्या कडेला गुलमोहर लाल होतो आणि अंगणात मोगरा फुलतो. पळसाचा केशरी, बहाव्याचा पिवळा, कैरीचा हिरवा आणि मोगऱ्याचा पांढरा हे चार रंग घेतले तरी उन्हाळ्याचा पूर्ण संच तयार होतो. अशा संचाला आपल्या भागाचे नाव देता येते. मुंबईचा घाऊक व्यापारी ते देऊ शकत नाही.

लाख : उन्हाळ्यातच वाढणारा कच्चा माल

लाख हा एका सूक्ष्म किड्याने झाडाच्या कोवळ्या फांद्यांवर तयार केलेला राळेसारखा पदार्थ आहे. पळस, बोर आणि कुसुम ही त्याची मुख्य झाडे होत. देशात झारखंड आणि छत्तीसगड येथे लाखेचे पीक मोठे निघते. वर्षभरात लाखेची चार पिके घेतली जातात. त्यांतील उन्हाळा झाडावर काढून पावसाच्या तोंडाशी तयार होणाऱ्या दोन पिकांची नावेच 'बैसाखी' आणि 'जेठवी' अशी आहेत. रांचीला १९२४ पासून लाखेच्या संशोधनाची सरकारी संस्था काम करीत आहे. पळस आणि बोर आपल्याकडे मुबलक आहेत. तेव्हा आज कच्ची लाख बाहेरून आणावी लागत असली तरी पुढे या दिशेने विचार करण्यास वाव आहे.

लाखेच्या बांगडीची कृती पाहिल्यास ती अवघड यंत्राची नाही, हाताच्या सवयीची आहे. लाख तापवून तीत राळ आणि दगडाची बारीक भुकटी मळतात. कोळशाच्या शेगडीवर तो गोळा मऊ ठेवून काठीवर चढवितात आणि वळत वळत लांब कांडी काढतात. गरम कांडीवर रंगीत लाखेची वडी फिरविली की रंगाचा थर बसतो. मग मापाचा तुकडा कापून, दोन्ही टोके गरम करून जोडतात आणि निमुळत्या लाकडी दांड्यावर सरकवून गोल माप पक्के करतात. लाख मऊ असतानाच चिमट्याने खडे, आरसे किंवा मणी दाबून बसवितात. थंड झाल्यावर ते घट्ट धरले जातात.

हैदराबादच्या चारमिनारजवळील लाड बाजार या कामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील खडे जडविलेल्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नांदेड हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होते. आजही नांदेडहून हैदराबादला रेल्वे आणि रस्ता दोन्ही सोयीचे आहेत. आपले व्यापारी माल आणायला तिथे जातातच. मालासोबत कसबही आणावे, असे आम्ही सुचवितो. घरातील एखाद्या होतकरू तरुणाने किंवा जोडप्याने तिथल्या कारागिराकडे काही महिने राहून काम शिकावे. मात्र एक गोष्ट स्पष्टपणे लक्षात ठेवावी. इथे घडविलेली बांगडी 'हैदराबादी' म्हणून विकता येणार नाही. मानांकनाचे नाव त्या भागातील कारागिरांचे आहे. आपण आपले नाव लावावे, 'नांदेडचा पळस चुडा' म्हणावे. दुसऱ्याच्या नावावर माल विकणे कायद्यातही बसत नाही आणि दीनमध्येही बसत नाही.

उन्हाळ्यात लाखेचा माल सांभाळण्याची काही पथ्ये आहेत. ती न पाळल्याने दरवर्षी नुकसान होते. लाख साधारण ६५ ते ७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. सावलीत हा धोका नसतो. पण पत्र्याच्या माळ्यावर, काचेच्या कपाटावर थेट ऊन येत असल्यास किंवा उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत उष्णता पुष्कळ वाढते. तिथे एकावर एक रचलेल्या बांगड्या दबतात, वाकड्या होतात आणि एकमेकींना चिकटतात. म्हणून प्रत्येक जोडात कागद घालावा, डबे आडवे न ठेवता कमी थरांचे ठेवावेत आणि माल खालच्या, थंड कप्प्यात ठेवावा. गिऱ्हाईकालाही सांगावे की बांगडी चुलीजवळ आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. कच्ची लाखही उन्हाळ्यात साठविल्यास तिचे ढेकूळ बनते. ती दिवाळीनंतर थंडीत घ्यावी आणि माघ-फाल्गुनापर्यंत माल घडवून ठेवावा. मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या उन्हात शेगडीपुढे बसण्याची वेळ आली तर फजरच्या नमाजनंतर काम सुरू करून दहाच्या आत उठावे. शेगडीजवळ लहान मुलांना कामाला बसवू नये. मुलांची जागा शाळेत आहे.

फुलांचे दागिने : एका संध्याकाळची किंमत

लग्नाच्या आधी मांझा, हळद आणि मेहंदीला फुलांचे दागिने घालण्याची पद्धत अलीकडे सर्व समाजांत वाढली आहे. कानातले, बिंदी, हातफूल, बाजूबंद आणि कमरपट्टा असा सगळा संच फुलांचा असतो. मोगऱ्याचा बहर मार्च ते जून असतो. म्हणजे फूल आणि लग्न यांचा हंगाम एकच आहे. फुलारी बांधवांच्या हातात गुंफण्याचे कसब पूर्वीपासून आहे. गजऱ्यापासून दागिन्यापर्यंत जाण्यासाठी त्यांना फक्त माप आणि मांडणी शिकावी लागेल.

मोगऱ्याची कळी पहाटे खुडावी, ओल्या फडक्यात गुंडाळावी आणि दुपारी सावलीत गुंफावी. ती संध्याकाळी उमलते. म्हणून दागिना कळीचाच करावा. तो नवरीच्या अंगावर फुलतो आणि गंध तेव्हाच सुटतो. उमललेले फूल गुंफले तर कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच माल कोमेजतो. बांधण्यासाठी केळीच्या सोपटाचा दोरा उत्तम, कारण तो ओलावा धरतो आणि देठ कापत नाही. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरचा भाग केळीसाठी प्रसिद्ध आहे. घड निघाल्यावर जी सोपटे बांधावर टाकून दिली जातात तीच इथे उपयोगी पडतात. पोहोचविताना थर्माकोलच्या पेटीत बर्फ ठेवावा, पण तो फुलांना लागू देऊ नये. मध्ये जाड कागदाचा थर असावा.

फुलांच्या व्यवसायात एक धोका आहे आणि तो आपल्या भागाने पाहिला आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी मोगऱ्याला पाणी कुठून मिळणार? फूल बाहेरून आणावे लागते आणि भाव चढतो. म्हणून फुलारी बांधवांनी ताज्या फुलांसोबत कापडी आणि कागदी फुलांचे संचही तयार ठेवावेत. गोटा, मणी आणि कापडाच्या कळ्या घरातील स्त्रिया पावसाळ्यात फावल्या वेळी करून ठेवू शकतात. असा संच विकता येतो, तसाच भाड्यानेही देता येतो. एक संच हंगामात आठ-दहा घरी गेला तरी त्याचा खर्च निघून पुढचा पैसा नफा ठरतो. दुष्काळी वर्षात गिऱ्हाईकाचा हात आखडलेला असतो. त्याला परवडेल असा माल ज्याच्याजवळ असेल त्याचेच दुकान चालते.

अत्तार बांधवांसाठीही इथे जागा आहे. वाळा, म्हणजे खस, ही उन्हाळ्याची खास वस्तू होय. वाळ्याच्या मुळांचे हार आपल्याकडे पूर्वीपासून मिळतात. मुळांची बारीक वेणी घालून, मध्ये चांदीचे किंवा लाकडाचे मणी ओवून गळ्यातली माळ किंवा कानातले करता येते. थोडे पाणी शिंपडले की गंध पुन्हा येतो. खसचे अत्तर घेणाऱ्या गिऱ्हाईकापुढे अशी माळ ठेवून पाहावी.

बिदरीचा शेजार

लातूर-उदगीरच्या बांधवांना आणखी एका कलेचा शेजार लाभला आहे. उदगीरहून भालकीमार्गे रेल्वेने बिदर गाठता येते. तेथील बिदरी काम जगप्रसिद्ध आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात, तिच्यावर नक्षी कोरून खाचांत चांदीची तार ठोकून बसवितात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या पाण्यात ती काळी करतात. जस्ताचा भाग काळा पडतो आणि चांदी तशीच चमकत राहते. तेथील ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. हुक्का आणि सुरई यांची मागणी घटल्यावर बिदरच्या कारागिरांनी लोलक, कानातले आणि बटणे घडवायला सुरुवात केली, म्हणून हे काम नव्या गिऱ्हाईकापर्यंत पोहोचले. वस्तू बदलावी, पण हात सोडू नये, हा मोठा धडा त्यांनी दिला आहे. लातूरच्या पटवेगाराने बिदरीचा लोलक आणून स्वतःच्या हाताने सुती किंवा रेशमी दोऱ्यात ओवला तर दोन कलांचा एक दागिना तयार होतो आणि तो गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

घाम, माप आणि खरे बोलणे

उन्हाळ्याचा दागिना म्हणजे फक्त उन्हाळी नक्षी नव्हे. तो उन्हाळ्यात अंगावर सहन झाला पाहिजे. स्वस्त नकली दागिन्यांत निकेल असते. घामाने ते सुटते आणि पुष्कळ स्त्रियांच्या मानेवर, कानावर खाज व पुरळ उठते. तांब्या-पितळेने कातडीवर हिरवा डाग पडतो. म्हणून कानातल्याची तार चांदीची ठेवावी. गळ्यातल्याला सुती दोरा वापरावा. वजन कमी ठेवावे. रबरी लवचीक दोरा उन्हाने लवकर कुजतो, त्याऐवजी सरकती गाठ बांधावी. मणी लहान असले तरी चालतील, पण माळ मानेला चिकटता कामा नये.

बांगडीच्या मापाबाबतही नव्या मुलांची गफलत होते. 'दोन-चार' म्हणजे दशांश चिन्हाचे २.४ इंच नव्हे. ते दोन इंच आणि चार आणे, म्हणजे सव्वादोन इंच. 'दोन-सहा' म्हणजे दोन इंच आणि इंचाचे सहा सोळांश. 'दोन-आठ' म्हणजे अडीच इंच. जुन्या आण्याच्या हिशोबावर हे माप चालते. ज्याने दशांशाच्या हिशोबाने साचा केला त्याचा सगळा माल वाया गेला असे समजावे. शिवाय उन्हाळ्याच्या दुपारी हात थोडे सुजतात. सकाळी घट्ट बसणारी बांगडी दुपारी रुतते. नवरीचे माप घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या नीट मापात जोडण्याच्या आज्ञेचा उल्लेख आहे. एका पैगंबरांना कड्यांचे माप सांभाळण्याची ताकीद होते, यातच कारागिरीचा दर्जा दिसून येतो. हदीसमध्येही स्वतःच्या हाताच्या कमाईला सर्वांत उत्तम रोजी म्हटले असून हजरत दाऊद (अ.) आपल्या हाताच्या कामावर जगत, असे सांगितले आहे. तेव्हा मनियाराने किंवा पटवेगाराने आपल्या धंद्याला हलके समजण्याचे काहीच कारण नाही.

पण त्याच दीनने मालाचा दोष लपविणाऱ्याला कडक शब्दांत खडसावले आहे. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य विकणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातच टोकले होते. आपल्या धंद्यातले 'ओले धान्य' कोणते? मुलामा दिलेली माळ 'चांदीची' म्हणून देणे, प्लास्टिकची बांगडी 'लाखेची' म्हणून देणे, साच्यातून निघालेला माल 'हाताचा' म्हणून देणे. एक ग्रॅमचा दागिना विकण्यास हरकत नाही, पण तो सोन्याचा दागिना नसून सोन्याचा मुलामा आहे हे तोंडाने सांगावे आणि पावतीवर लिहावे. हाताच्या मालाला जास्त भाव मिळतो तो विश्वासावर. तो विश्वास एकदा गेला की हातघडणीच्या मालाला साच्याच्या मालाइतकाही भाव उरत नाही.

भाव कसा ठरवावा

कारागीर मालाचा खर्च धरतो, पण स्वतःच्या वेळेचा धरत नाही. ही आपल्या समाजातील फार जुनी चूक आहे. उदाहरणादाखल समजा, एका लाखेच्या जोडाला लाख, रंग आणि खडे मिळून ४० रुपये लागले, कोळसा व डबी ८ रुपये आणि काम पाऊण तास. दिवसाची मजुरी ५०० रुपये आणि काम आठ तास धरल्यास पाऊण तासाचे सुमारे ४७ रुपये होतात. खर्च ९५ रुपये झाला. दहांत एक जोड फुटतो किंवा वाकतो. त्याची तूट धरून खर्च १०५ रुपयांच्या घरात जातो. आता हा जोड १०० रुपयांना दिला तर धंदा झाला असे वाटते, प्रत्यक्षात मात्र कारागिराने आपली मजुरीच गिऱ्हाईकाला दिलेली असते. घरातील स्त्री ओवण्याचे, चिकटविण्याचे काम करीत असेल तर तिचीही मजुरी हिशोबात धरावी आणि तिच्या हातात द्यावी. तो तिचा हक्क आहे.

कराच्या बाबतीत लाखेच्या बांगड्यांवरील ३ टक्के जीएसटी नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकण्यात आला. काचेच्या साध्या बांगड्याही करमुक्त ठेवण्यात आल्या. नकली दागिन्यांवर मात्र ३ टक्के कर ठेवण्यात आला. म्हणून बिलात दोन्ही प्रकारचा माल एकत्र मिसळू नये आणि हिशोबनिसाला विचारून वेगळा दाखवावा.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेतले आहेत. त्यांत सोनार आणि मालाकार, म्हणजे फुलांचे हार करणारे, हे दोन व्यवसाय आहेत. बांगडी घडविणाऱ्यांचे नाव मात्र त्या यादीत वेगळे नाही. आपल्या संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. योजनेत प्रशिक्षण, त्या काळातील दररोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांची मदत आहे. पुढचे कर्ज सवलतीचे असले तरी व्याजाचे आहे. ज्यांना व्याज टाळावयाचे आहे त्यांनी प्रशिक्षण आणि अवजारे घेऊन थांबावे. भांडवलासाठी एकाने पैसा आणि दुसऱ्याने हुन्नर लावून नफ्यात ठरलेला हिस्सा घेण्याची मुदारबतची पद्धत आपल्याजवळ आहेच. घाऊक व्यापाऱ्याची उधारी वाढवून हंगाम करण्यापेक्षा हा मार्ग बरकतीचा आहे. मात्र करार लेखी असावा आणि दोन साक्षीदार असावेत.

पुढील काही वर्षांचा हंगाम

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे आपले सण दरवर्षी मागे सरकतात. रमजान ईद २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला होती. ती दरवर्षी अशीच मागे सरकत जाऊन २०३० मध्ये फेब्रुवारीच्या आरंभी येईल. म्हणजे चांदरातीचा बाजार आता उन्हाळ्यातून थंडीकडे चालला आहे. उलट बकरी ईद २०२५ मध्ये ७ जूनला होती. ती २०२७ मध्ये मेच्या मध्यास आणि २०२९ मध्ये एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे ऐन लगीनसराईत येईल. शव्वाल आणि जिल्काद या महिन्यांत आपली लग्ने पुष्कळ होतात. अक्षय तृतीया आणि वैशाखातील मुहूर्त हिंदू बांधवांचे असतात. या सर्वांचा तक्ता करून दुकानात लावावा. रमजानचा माल डिसेंबर-जानेवारीत तयार हवा आणि लगीनसराईचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. हंगाम दारात आल्यावर मागणी नोंदविणारा व्यापारी नेहमी उरलेला माल महाग भावाने उचलतो.

आणखी एक बाब. एप्रिल २०२५ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपयांवर जाऊन पोहोचला. सामान्य बापाच्या काळजात धडकी भरविणारा हा आकडा आहे. मुलीच्या लग्नासाठी शेत गहाण टाकणारे आणि सावकाराच्या दारात उभे राहणारे लोक आपल्या आसपास आहेत. अशा वेळी लाखेचा चुडा, चांदीची बकुळमाळ आणि मोगऱ्याचा संच घालूनही नवरी नटते, हे दाखवून देणे व्यापारी म्हणून फायद्याचे आहे आणि समाजाचे घटक म्हणून आपले कामही आहे. उधळपट्टी वाढवून मिळविलेल्या नफ्यापेक्षा एखाद्या बापाचे कर्ज वाचवून मिळविलेला नफा केव्हाही बरा.

हे सारे एका हंगामात होणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. म्हणून आरंभ लहान करावा. चालू माल बंद करू नये. दुकानाच्या एका कप्प्यात स्वतः घडविलेला माल मांडावा, त्यावर हाताने घडविल्याची चिठ्ठी आणि आपल्या गावाचे नाव लावावे. पहिल्या वर्षी पन्नास जोड, दहा माळा आणि चार फुलांचे संच एवढेच करून पाहावे. काय खपले, काय उरले, कोणी काय विचारले हे वहीत लिहून ठेवावे. दुसऱ्या वर्षी ती वही पाहून माल वाढवावा. मनियार, पटवेगार, फुलारी आणि अत्तार या चौघांनी एकमेकांचा माल एकमेकांच्या दुकानात ठेवला तर लग्नघराला लागणारा सगळा संच एका ठिकाणी मिळेल आणि चारही घरांत पैसा जाईल. ज्या बांधवांनी असा प्रयोग केला असेल त्यांनी आपला अनुभव आम्हांस जरूर कळवावा. इतरांच्या माहितीसाठी त्याचा उपयोग होईल, इन्शाअल्लाह.